दार देवपूरलाच आहे

प्रमिला गेली ते मला जळगावच्या दवाखान्याच्या जिन्यावर कळलं. मी खालून तिच्यासाठी गरम पाणी घेऊन वर चाललो होतो. आमचा मुलगा प्रेमराज वरून खाली येत होता. त्याने माझ्या हातातला थर्मास घेतला आणि म्हणाला, "आबा, आता नको." एवढंच. मी तरी वर गेलो. तिचा चष्मा नर्सने काढून टेबलावर ठेवला होता. मी तो खिशात टाकला.

दुसरी गोष्ट त्याच दिवशी दुपारी कळली. शववाहिका पुढे होती आणि आम्ही प्रेमराजच्या गाडीत मागे. तिला धुळ्याला, देवपूरला, आमच्या बंगल्यावर न्यायचं होतं. एरंडोल सोडल्यावर प्रेमराजला फोन आला. तो गाडीतल्या स्पीकरवरच बोलला.

"हो जिनेशभाई, आज सकाळी. नाही, आबांना मी उद्याच जळगावला घेऊन जातोय. तुमचं काम थांबवू नका."

"कसलं काम?" मी विचारलं.

"नंतर बोलू, आबा."

पारोळा आल्यावर मी परत विचारलं. तेव्हा तो म्हणाला, "बंगला जिनेशला द्यायचं ठरवलंय. तो फ्लॅट बांधणार आहे. तुम्ही एकटे तिथे राहू शकत नाही. सही तुम्ही नंतर करा, घाई नाही."

सही मी करणारच, असं त्याने धरून ठेवलं होतं. सगळेच धरून ठेवतात. दीपनगरच्या वीज केंद्रात बॉयलरवर माझी सगळी नोकरी गेली. तिथे साहेबाशी वाद घातला नाही, घरी प्रमिलाशी घातला नाही. बोलायचं काम तिचं होतं.

बंगल्याबद्दल मला सांगता येईल तेवढं सांगतो. नक्षीकामातलं मला कळत नाही. ते तिला कळायचं, ती शाळेत चित्रकला शिकवायची.

रुपचंद शेठ म्हणून कापसाचे व्यापारी होते. शंभर वर्षांच्या वर झालं त्याला. त्यांना मुंबईच्या कुठल्या तरी दलालाकडून एक कॅलेंडर मिळालं. त्यावर ऑस्ट्रेलियातल्या एका घराचं चित्र होतं. तिकडची राज्यं एकत्र येऊन एक देश झाला, तेव्हा लोकांनी शहराबाहेर अशी घरं बांधायला घेतली, असं प्रमिला सांगायची. पुढून आणि बाजूने वळलेला व्हरांडा, लाकडी जाळीच्या महिरपी, लाल कौलं, खिडक्यांना वरच्या भागात रंगीत काचा, आणि छपराच्या तोंडाशी जो लाकडी तिकोना असतो त्यात उगवता सूर्य. नवा देश म्हणून सूर्य. शेठनी चित्र मिस्त्रीच्या हातात दिलं आणि सांगितलं, असंच पाहिजे, काही सोडू नकोस.

मिस्त्रीने काही सोडलं नाही. चित्रात धुराडं होतं, त्याने धुराडंही बांधलं. आता धुळ्याला मे महिन्यात माणूस भाजून निघतो, तिथे शेकोटीची खोली कोणाला पाहिजे? पण धुराडं बांधून झालं, विटांचं, उंच, वर मातीची दोन नळकांडी. मग त्याच्याखाली काय ठेवायचं यावर शेठच्या घरात भांडण झालं म्हणे. शेवटी शेठाणीने तिथे पाण्याचे माठ मांडले. ती जागा घरात सगळ्यात गार निघाली. मला ते पहिल्यांदा बघताच कळलं होतं. गरम हवा वर चढते, बॉयलरचं धुराडंही त्यावरच चालतं. प्रमिलाला मी सांगितलं तेव्हा ती हसली होती. "म्हणजे तुम्ही मला घराबद्दल एक तरी गोष्ट सांगितली," म्हणाली.

हे घर आम्ही रुपचंद शेठचे नातू सुभाषचंद यांच्याकडून घेतलं. त्यांना नवीन कॉलनीत जायचं होतं आणि हे जुनं झेंगट कोणालाही नको होतं. घर प्रमिलाच्या नावावर केलं. तिने शाळेतल्या मुलांना रविवारी बोलावून महिरपींवरचा थराथराने चढलेला रंग खरवडून काढला. मग आजारी पडण्याआधी तिने महापालिकेकडे अर्ज केला, की वारसा यादीत हा बंगला घ्या. समितीची माणसं महिन्याअखेरीस बघायला येणार होती. एकदा नाव यादीत लागलं की बंगला पाडता येत नाही.

जिनेश हा सुभाषचंद यांचा मुलगा. त्यालाही हे माहीत होतं. म्हणून समिती यायच्या आत पुढचा भाग उतरवायचा, मग बघायला काही उरणारच नाही, असा हिशेब होता. प्रेमराजने गाडीत वेगळ्या शब्दांत सांगितलं. "छप्पर धोकादायक झालंय, आबा. ते उतरवतोय फक्त."

मी समोर बघत राहिलो. पुढे शववाहिका होती.

पांझरा नदीच्या काठी सगळं झालं. दुसऱ्या दिवशी त्याने मला जळगावला नेलं. व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यांना निरोप गेला होता, खाली पत्ता होता. द्वारदर्शन जळगावला, प्रेमराजच्या फ्लॅटवर.

खानदेशात माणूस गेलं की लोक दारावर येतात, तेच द्वारदर्शन. कोणी बोलावत नाही, आपणहून येतात. बायका दाराशी येऊन रडतात, मग बसतात. गेलेल्या माणसाचं बोलतात. उठताना 'येतो' म्हणायचं नसतं, गुपचूप उठायचं. त्याला दार लागतं, आणि ते उघडं लागतं.

प्रेमराजचा फ्लॅट वर होता, लिफ्टने जायचा. आलेल्या माणसाला खाली वॉचमन विचारायचा, कोणाकडे? मग फोन, मग वर. माझ्या गावाकडच्या चुलतभावाने लिफ्टमध्ये रडायला सुरुवात केली आणि लिफ्ट भलत्याच मजल्यावर थांबली. तिथे कोणी तरी वाढदिवसाचे फुगे लावत होतं. तो परत खाली गेला आणि घरी निघून गेला. नंतर फोनवर म्हणाला, "अमृत, दारच सापडलं नाही रे तुझं."

सून मेघा चांगली आहे. चटया घातल्या, पाणी ठेवलं. पण दोन दिवसांत मोजकीच माणसं आली. प्रेमराजला वाटलं, लोक बदलले. मलाही तसंच वाटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी भिकुबाईचा फोन आला. ही प्रमिलाची मोठी बहीण, साक्रीकडे गावात असते. मागून बायकांचा गलका ऐकू येत होता.

"पाव्हना, तुम्ही कोठे शेतस? आम्ही आठे दारवर ई बठनूत, आनि वरे छपरवर मानसे चढेल शेतस!"

"अक्का, तुम्ही देवपूरला गेलात? दार जळगावला ठेवलंय. निरोप नाही मिळाला?"

"मियना. पन जळगावले कसानं दार? तठे ती कधी ऱ्हायनी?"

मी फोन खाली ठेवला. म्हणजे लोक बदलले नव्हते. लोक बरोबर जात होते. पत्ता आमचा चुकला होता.

प्रेमराज कंपनीत गेला होता. मेघाला मी सांगितलं, "धुळ्याला जातो." ती म्हणाली, "त्यांना येऊ द्या, आबा, गाडीने सोडतील." मी म्हणालो, "बस आहे." तिने माझ्याकडे पाहिलं आणि आतून पाण्याची बाटली आणून दिली. अडवलं नाही.

देवपूरला रिक्षातून उतरलो तर लांबूनच दिसलं. व्हरांडा बायकांनी भरला होता. पायऱ्यांवर टोप्या घातलेली माणसं बसली होती. आणि छपरावर तीन-चार मजूर, हातात कौलं घेऊन, नुसते उभे. उत्तरेकडची बाजू त्यांनी उघडी केली होती. नुसत्या पट्ट्या दिसत होत्या. कौलांचा ढीग अंगणात, त्यातली बरीच फुटलेली.

भिकुबाईने मला पाहिलं आणि गळा काढला. "मनी बहीन गई व माय, मनी सोनानी बहीन..." मध्येच ती थांबली आणि मान वर करून ओरडली, "ओ छपरवरला! कौल खाले टाकू नको रे, आठे लोके बसेल शेतस!" मग पुन्हा जिथून सोडलं होतं तिथूनच रडायला लागली.

मी दारात बसलो. चपला काढल्या, भिंतीला पाठ लावली आणि बसलो. ती गेल्यापासून पहिल्यांदा मला रडू आलं. प्रमिलाची एक जुनी विद्यार्थिनी आली होती, आता तिचीच मुलं शाळेत जातात. ती म्हणाली, "सर, ही महिरप मी खरवडली आहे. त्या टोकाची." सगळे मला सर म्हणायचे, बाईंचा नवरा म्हणून. मी कधी कोणाला काही शिकवलं नाही.

मजुरांचा मुकादम पुना अंगणात टोपी काढून उभा होता. मी त्याला जवळ बोलावलं.

"कोणी सांगितलं तुला?"

"शेठनी सांगं, नाना. घर खाली शे म्हने. चावी बी दिधी. आठे येवानं त दारवर लोके! आते मी काय करू? लोकेस्ना डोकावर चढीसन कौल काढू का? मना गावले हाई समजनं त मना दारवर कोन यी?"

"मग उतरव माणसं."

"शेठले फोन लावेल शे. त्या येवाले लागनात."

जिनेश आला. पांढरी गाडी फाटकाबाहेर लावली, बायकांना पाहून बूट बाहेरच काढले. इतकी रीत त्यालाही होती. तो माझ्यासमोर खाली बसला, हात जोडले.

"काका, वाईट झालं. बाईंनी मलाही शिकवलंय, पाचवीला."

"मग बस."

"बसतो. पण काका, हे द्वारदर्शन तर जळगावला आहे ना? प्रेमराजभाऊंनी मला तसं सांगितलं."

"त्याचं चुकलं. दार देवपूरलाच आहे."

"बरं. मग तेरावं होऊ द्या. तोवर माणसं मागच्या बाजूला काम करतील. पुढे नाही येणार."

"मागेही नाही. वरही नाही. दारावर माणूस बसलं असताना घराला हात लावतात का? तुमच्यात लावतात?"

तो हळू आवाजात म्हणाला, "काका, हे घर माझ्याच पणजोबांनी बांधलं. मलाच काही वाटत नसेल का? पण हे आहे काय शेवटी? कॅलेंडर बघून केलेली नक्कल. त्याला कोण वारसा म्हणतं?"

"तुझ्या पणजोबांनी बांधलं, तुझ्या वडिलांनी विकलं, आणि प्रमिलाने रोज झाडलं. सध्या झाडणारीचं आहे."

पायऱ्यांवरचे दोघे-तिघे हसले. मयताच्या दारी हसू नये, पण हसले. जिनेशच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तो उठला आणि पुनाला म्हणाला, "तुझे पैसे कापू का? चढ वर. समितीच्या आधी पुढचं छप्पर खाली पाहिजे."

पुना जागचा हलला नाही.

तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली. त्यातून कुसुमलताभाभी उतरल्या, जिनेशच्या आई. गुडघे दुखतात, काठी घेऊन चालतात. पांढरी साडी. नव्या कॉलनीतून त्या एकट्याच आल्या होत्या. त्यांना जिनेशची गाडी दिसली, पण त्या थांबल्या नाहीत. सरळ पायऱ्यांशी आल्या. भिकुबाईने हात दिला आणि दोघी गळ्यात पडून रडल्या. एकमेकींना त्या ओळखत नव्हत्या.

बसल्यावर भाभी म्हणाल्या, "अमृतभाऊ, मी या घरात लग्न होऊन आले. याच दारातून. त्या दिवशी इतकं ऊन होतं, मला चक्कर आली. सासूबाईंनी मला धुराड्याखाली बसवलं, माठांजवळ. प्रमिलाताईंनी ते माठ तिथेच ठेवले. दर उन्हाळ्यात मला बोलवायच्या, 'या, तुमच्या जागी बसायला या.'" मग त्यांची नजर वर गेली. "छप्पर कोणी काढलं?"

कोणीही जिनेशकडे पाहिलं नाही. भिकुबाईने मात्र पाहिलं, चांगलं नीट.

"जिनेश?"

"मम्मी, तू इथे कशाला आलीस? ऊन आहे."

"मी दारावर आलेय. तू?"

"मम्मी, बिझनेसचं आहे. घरी बोलू."

"घरी तर तू बोलतच नाहीस. इथे बोल. बैस."

तो बसला नाही. भाभींनी पुनाला हाक मारली. "ओ भाऊ, माणसांना खाली घ्या. कोणी विचारलं तर सांगा, शेठच्या आईने सांगितलं. मी बसलेय तोवर कोणी वर चढणार नाही. आणि मला गुडघ्यांमुळे लवकर उठता येत नाही."

पुनाची माणसं शिडीवरून खाली उतरली. पुढचं सगळं छप्पर, सूर्य, धुराडं, महिरपी, होतं तसं राहिलं. उत्तरेची बाजू गेली.

संध्याकाळी प्रेमराज आला. खूप चिडला होता. व्हरांड्यात माणसं होती म्हणून मला मागच्या अंगणात घेऊन गेला.

"आबा, मी माझ्यासाठी करतोय का हे? तुम्हाला कोण बघणार इथे? एकटे काय कराल या घरात?"

"ती नसताना राहीन. ते जळगावलाही करावंच लागणार आहे."

"आईलाही शेवटी कळलं होतं की हे झेपणार नाही."

"तिने मला तसं सांगितलं नाही. तुला सांगितलं?"

त्याने खिशातून गाडीची किल्ली काढली. मग म्हणाला, "सही तरी करणार का नाही ते सांगा."

"नाही."

हा शब्द मी त्याला पहिल्यांदाच म्हणालो असेन. लहानपणीसुद्धा तो म्हणायचं काम प्रमिलाच करायची. प्रेमराजने उघड्या छपराकडे पाहिलं. "पाऊस येईल तेव्हा बघू," म्हणाला आणि गेला.

मी फोन करून मेघाकडून नवा निरोप लिहून घेतला. तिने तो तिच्या फोनवरून सगळ्यांना पाठवला, नवऱ्याला न विचारता. द्वारदर्शन देवपूर, राहत्या घरी. तारीख घालू का, असं तिने विचारलं. मी म्हणालो, "नको. चालू आहे, असं लिही."

लोक येत राहिले. साक्री, शिरपूर, अमळनेर. शाळेच्या जुन्या बॅचेस. दहावं, तेरावं रीतीप्रमाणे झालं. तेराव्यानंतर दार उठतं, दारावर बसणं संपतं, असं सगळ्यांनी मला सांगितलं. भटजींनीही सांगितलं. मी त्यांना विचारलं, "ज्याला खबर उशिरा लागली तो वर्षभरात कधीही येऊ शकतो ना?" ते म्हणाले, "येऊ शकतो." मी म्हणालो, "मग मी त्याच्यासाठी बसलोय." चटई उचलली नाही. भिकुबाईही गेली नाही. "मना घर काय पयी जास नही," म्हणाली, तिचं घर थोडंच पळून जाणार होतं. कुसुमलताभाभी रोज सकाळी रिक्षाने यायच्या आणि दुपारी जायच्या. जिनेश त्यांना न्यायला फाटकापर्यंत यायचा, आत यायचा नाही.

समिती आली तेव्हाही व्हरांड्यात माणसं होती. दोन इंजिनिअर आणि नाशिकची एक बाई, आर्किटेक्ट. त्यांना वाटलं, चुकीच्या घरी आलो. मी म्हणालो, "बरोबर आलात. ही सगळी बघायलाच बसली आहेत." बाईंनी चपला काढल्या, प्रमिलाच्या फोटोला हात जोडले, मग टेप काढली.

एक इंजिनिअर म्हणाला, "हे तर परदेशी शैलीचं आहे. आपल्याकडच्या वारशात कसं बसणार?"

मला नक्षीकामातलं कळत नाही, हे मी आधीच सांगितलं. मी त्याला धुराड्याखाली नेलं आणि माठांजवळ उभं केलं. बाहेर ऊन मरणाचं होतं. तो तिथेच उभा राहिला, पाणी प्यायला, आणखी एक ग्लास मागितला. "परदेशात इथे लाकडं जाळतात," मी म्हणालो. "आमच्याकडे पाणी ठेवतात. आता तुम्हीच सांगा हे कुठलं आहे."

त्याने काही लिहिलं. काय लिहिलं ते मला माहीत नाही.

जाताना आर्किटेक्ट बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "काका, पुढचा भाग फार चांगला राहिलाय. पण एक बाजू उघडी आहे. अहवालात 'अपूर्ण' असं लिहावं लागेल. पावसाआधी कौलं चढली पाहिजेत, आणि तशीच पाहिजेत, जुन्या मापाची. पत्रा टाकलात तर नाव लागणार नाही."

तशी कौलं आता कोणी बनवत नाही. ढिगात शाबूत निघाली ती मी आणि पुनाने वेगळी लावून ठेवली आहेत, पुना सुट्टीच्या दिवशी येतो. उरलेल्यांसाठी मी भुसावळकडच्या पडक्या रेल्वे क्वार्टरांपर्यंत जाऊन आलो. तिथली मापं जुळत नाहीत. जिनेशचा निरोप आला होता, विचार बदलला तर कळवा. मी कळवलं नाही. प्रेमराज फोन करतो, जेवलात का विचारतो, बंगल्याचं विचारत नाही. मीही सांगत नाही. दार मी सकाळी उघडतो आणि चटई टाकतो. आजही शिंदखेड्याहून एक जोडपं आलं होतं, त्यांना परवाच कळलं म्हणे.

मी इथून उठणार नाही.

उत्तरेकडचं छप्पर अजून उघडं आहे.